जिप्सी घराणं आणि देवळालीचा माळ

दुसऱ्या महायुद्धात देवळालीच्या छावणीत तोफांचा राबता होता, हे नाशिकच्या जुन्या माणसांना ऐकून तरी माहीत असतं. त्या तोफांबरोबर विमानंही आली होती, हे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. १९४३ च्या अखेरीस रॉयल एअर फोर्सची ६५६ नंबरची स्क्वाड्रन मुंबईत उतरून, जुहूमार्गे देवळालीला सरावासाठी दाखल झाली. प्रमुख होते मेजर डेनिस कॉइल. हवाई दलाच्या स्क्वाड्रनचा प्रमुख मेजर कसा, असा प्रश्न पडेल. उत्तर सरळ आहे: स्क्वाड्रन हवाई दलाची असली तरी तिची विमानं उडवणारे सगळे तोफखान्याचे अधिकारी होते. यंत्रं सांभाळणारे फिटर आणि मेकॅनिक हवाई दलाचे, तर ट्रक चालवणारे आणि वायरलेसवाले लष्कराचे. अशी ही मिश्र बिरादरी होती.

त्यांचं विमान होतं ऑस्टर. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पंख डोक्यावर, पुढे एकच इंजिन आणि एकच पंखा. कमाल वेग ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर. लढाऊ विमानांच्या त्या जमान्यात हे यंत्र म्हणजे चेष्टेचाच विषय होता. पण त्याला सोपवलेलं काम लढाऊ विमानाला जमण्यासारखं नव्हतं. आपल्याच तोफांच्या मागे, काही शे फुटांवर घिरट्या घालत राहायचं, गोळा कुठे पडला ते पाहायचं आणि वायरलेसवरून खाली कळवायचं की दोनशे यार्ड कमी करा, थोडं उजवीकडे घ्या. काम झालं की त्याच तोफांच्या शेजारी, जे शेत मिळेल त्यात उतरायचं. धावपट्टी नाही, दिवे नाहीत, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवीसुद्धा बरेचदा नाही.

म्हणजे इतर वैमानिक ज्याला फोर्स्ड लँडिंग म्हणत, नाइलाजानं भलत्याच जागी उतरणं, ते या मंडळींचं रोजचं काम होतं. शेत वरून कसं वाचायचं, बांध किती उंच, नांगराची तासं कोणत्या दिशेला, तारेचे खांब कुठे, जमीन वाळली आहे की नुसती वरून तशी दिसते, हे त्यांना यावंच लागे. देवळालीचा तेव्हाचा उघडा मुरमाड माळ अशा सरावाला उत्तम होता. १९४४ च्या सुरुवातीला ही स्क्वाड्रन आराकानच्या आघाडीवर गेली आणि पुढचं सगळं युद्ध तिनं ब्रह्मदेशात काढलं. तिथे भातखाचरं आणि जंगलं होती. देवळालीसारखी जमीन तिथे स्वप्नातच.

त्या सुरुवातीच्या ऑस्टरच्या नाकात जे इंजिन होतं त्याचं नाव जिप्सी मेजर. चार सिलिंडर, १३० अश्वशक्ती, हवेनं थंड होणारं. हे इंजिन एका घराण्यातलं होतं, आणि त्या घराण्याचा इतिहास सांगितल्याशिवाय आपल्याकडच्या छोट्या विमानांचा इतिहास सांगताच येत नाही.

घराण्याचा मूळपुरुष म्हणजे जिप्सी वन. फ्रँक हॅलफर्ड यांनी डी हॅविलंड कंपनीसाठी ते रचलं आणि १९२८ च्या सुमारास ते मॉथ या दोन पंखी विमानात बसलं. तोवर खाजगी विमान म्हणजे युद्धातून उरलेली इंजिनं वापरून उडवायची जोखीम. कधी, कुठे बंद पडेल याचा नेम नसे. कंपनीनं त्यावर एक जाहीर प्रयोग केला. जिप्सी इंजिनाला सील ठोकलं आणि ते विमान ६०० तास उडवलं. साधी रोजची देखभाल सोडली तर आतल्या कशाला हात लावायचा नाही. तास पुरे झाल्यावर इंजिन उघडलं, आणि बदलाव्या लागलेल्या सुट्या भागांचा खर्च सात पौंडांच्या आसपास निघाला. ही जाहिरात होती हे खरं, पण जाहिरातीतला आकडा इथे खरा होता, आणि त्यानं एक पिढी आकाशात नेली.

आपल्याकडे ती पिढी १९२८ मध्येच तयार होऊ लागली होती. मुंबई, दिल्ली, कराची इथे फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईच्या क्लबसाठी जुहूला, समुद्रालगतच्या चिखलवट मैदानावर विमानतळ झाला. तिथेच १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक एक. वय चोवीस.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आगाखानांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पाचशे पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा उलट, एकट्यानं, महिनाभरात उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला. सुमारे पाच हजार मैलांची ती वाट इराणच्या किनाऱ्यानं, इराकच्या वाळवंटावरून, इजिप्त ओलांडून, भूमध्य समुद्राच्या कडेनं जायची. हातात होकायंत्र आणि नकाशा. रेडिओ नाही. खाली कुणी वाट पाहत आहे की नाही हेही माहीत नाही. आणि पुढे ते एकच इंजिन.

तीन तरुण उतरले. रावळपिंडीचे मनमोहन सिंग, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. तिघांकडेही जिप्सी मॉथ. मनमोहन सिंगांनी आपल्या विमानाला ‘मिस इंडिया’ नाव दिलं होतं. रस्ता चुकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, आणि इंग्रजीत ‘मिस’ म्हणजे चुकणंही, म्हणून त्या नावावरून इंग्रज पत्रकारांनी त्यांची भरपूर टर उडवली. पण मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. पहिल्या प्रयत्नात युरोपच्या धुक्यात हरवले, परत आले. दुसऱ्यात दक्षिण इटलीत डोंगरातल्या एका रस्त्यावर विमान उतरवलं आणि मोडून घेतलं, परत आले. तिसऱ्यात कराची गाठलीच, पण महिन्याची मुदत एका दिवसानं उलटून गेली होती. बक्षीस गेलं. डोंगरी रस्त्यावर विमान उतरवून जिवंत राहणाऱ्या माणसाला वैमानिक म्हणून नापास करण्याची हिंमत टर उडवणाऱ्यांनाच असते. पुढे महायुद्धात ते हवाई दलात गेले आणि १९४२ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर झालेल्या जपानी हल्ल्यात मारले गेले.

उरले दोघे. अस्पी लंडनहून कराचीकडे निघाला, जे. आर. डी. ३ मे १९३० रोजी कराचीहून लंडनकडे. वाटेत, इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर इथल्या हवाई दलाच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून बसला होता. इंजिनाचे स्पार्क प्लग गेले होते आणि नवे यायची वाट पाहणं सोडून त्याच्या हातात काही नव्हतं.

इथे जरा इंजिनात डोकावावं लागेल. जिप्सीच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असत आणि ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन. एक जोडी बिघडली तरी दुसरीवर इंजिन चालत राहावं, ही त्यामागची योजना. आजही छोट्या विमानाचा वैमानिक उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचा आवाज ऐकतो, ती याच काळाची देणगी. पण प्लगवर तेलाची काजळी धरली, वाळू गेली, किंवा उष्णतेनं चिनी मातीचा भाग तडकला, तर दोन असून काय उपयोग? सगळेच एका वाटेनं जातात. हजार रुपयांच्या यंत्राला चार आण्यांच्या वस्तूनं जमिनीवर बसवावं, असा प्रकार त्या काळात वारंवार होई.

जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग अस्पीला देऊन टाकले. आभार म्हणून अस्पीनं आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं. तो तर समुद्र ओलांडून आला होता, जे. आर. डीं.ना ओलांडायचा होता. दोघे आपापल्या दिशेनं उडाले. ११ मे रोजी अस्पी कराचीत उतरला आणि काही तासांच्या फरकानं बक्षीस घेऊन गेला. ही गोष्ट आपल्याकडे उमदेपणाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला मात्र त्यात त्या काळच्या वैमानिकांचा एक अलिखित व्यवहारही दिसतो. आज याचं इंजिन बसलं, उद्या आपलं बसणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. प्लग राखून ठेवणारा माणूस त्या वर्तुळात फार दिवस टिकला नसता. अस्पी पुढे एअर मार्शल झाले आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

त्याच आठवड्यात कराचीला आणखी एक जिप्सी मॉथ आली. एमी जॉन्सन ही इंग्लिश तरुणी एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली होती. १० मे रोजी ती कराचीला पोहोचली, पुढे अलाहाबाद गाठायचं होतं, पण वाऱ्यानं वेळ खाल्ला आणि टाकीतलं पेट्रोल संपत आलं. इंजिन ठणठणीत, पण प्यायला काही नाही. तिनं झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर विमान उतरवलं, ते घसरत थेट बराकींपर्यंत गेलं आणि पंखाला मार बसला. लष्करातल्या सुताराशिंप्यांनी डागडुजी केली आणि ती पुढे निघाली. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. हे लक्षात घ्यायला हवं, कारण इंजिन बंद पडण्याच्या कहाण्यांमध्ये इंजिनाचा दोष नसलेल्या कहाण्या फार असतात. पेट्रोल संपणं हे कारण शंभर वर्षांत जुनं झालेलं नाही.

जिप्सीचा पुढचा अवतार, जिप्सी थ्री, उलटा बसवलेला होता. सिलिंडर खाली, क्रँकशाफ्ट वर. त्यामुळे पंखा उंच राहिला आणि वैमानिकासमोरचा आडोसा गेला. हे इंजिन बसलं पस मॉथ या बंद केबिनच्या विमानात, आणि तेच विमान १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे कराचीच्या द्रिघ रोडवरून जे. आर. डीं.नी टपालाच्या पिशव्या घेऊन उचललं. अहमदाबादला पेट्रोल भरून दुपारी ते जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीचा हा पहिला दिवस शाळेच्या पुस्तकातही असतो. पुस्तकात नसतो तो पावसाळा.

जुहूचं मैदान जूनमध्ये पाण्याखाली जाई. मग सगळा संसार, म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, पुण्याला हलायचा. येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीत एक मैदान मिळालं होतं. त्याच तुरुंगात, पहिल्या उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, पुणे करार झाला होता. मुंबईत गांधी-आंबेडकरांची चर्चा करणाऱ्यांना येरवड्याच्या भिंतीबाहेर विमानं उतरणार आहेत हे सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

खरा प्रश्न मैदानाचा नव्हताच, सह्याद्रीचा होता. एका इंजिनाचं विमान, ढग डोंगराला टेकलेले, खाली दऱ्या. घाटावर इंजिन थांबलं तर कोकणाच्या बाजूला झाडी आणि कडे, देशाच्या बाजूला चिखलाची खाचरं. हवाई वाहतूक खात्याच्या १९३३-३४ च्या अहवालानं टाटांच्या या सेवेचं जे कौतुक केलं त्यात पश्चिम घाटाच्या पावसाळी टप्प्याचा मुद्दाम उल्लेख आहे: भर पावसातही मुंबई-मद्रासच्या डाकेचं कराचीहून पुढे जाणारं विमान चुकलं नाही. पहिल्या वर्षाचा हिशेब १ लाख ६० हजार मैल उड्डाण, १५५ प्रवासी, साठ हजार रुपये नफा. हे सगळं रेडिओशिवाय आणि रात्रीच्या दिव्यांशिवाय.

पावसाळ्यातला एक शत्रू डोळ्यांना दिसत नसे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते तेव्हा आणि हवा अरुंद नळीतून जाते तेव्हा तिथलं तापमान वीस-तीस अंशांनी सहज घसरतं. बाहेर नाशिक-इगतपुरीची दमट हवा, तापमान बावीस-चोवीस अंश. आत मात्र बर्फ! नळीत तो साचत जातो, इंजिनाचा श्वास कोंडतो, आवाज हळूहळू दबत जातो. सह्याद्रीवर, श्रावणात, बर्फानं इंजिन बंद पडतं हे आजही नव्या विद्यार्थ्याला पटवून द्यावं लागतं. उपाय साधा आहे, एक्झॉस्टजवळची गरम हवा आत सोडणारी एक कळ ओढायची. पण ती बर्फ धरायच्या आधी ओढावी लागते. इंजिन पूर्ण थंड पडल्यावर गरम हवा आणायची कुठून?

आणि समजा, थांबलंच. तर छोटं विमान दगडासारखं खाली येत नाही. नाक किंचित खाली धरून योग्य वेग सांभाळला तर साधारण एक किलोमीटर उंचीमागे आठ-नऊ किलोमीटर तरंगत जातं. म्हणजे हातात चार-पाच मिनिटं. त्या मिनिटांत वाऱ्याची दिशा ओळखायची, चुलीच्या धुरावरून किंवा तळ्याच्या पाण्यावरच्या लाटांवरून, शेत निवडायचं, पेट्रोलची टाकी, गरम हवा, मॅग्नेटो एकदा तपासायचे, आणि निवडलेलं शेत शेवटपर्यंत बदलायचं नाही. उड्डाण करता करताच इंजिन गेलं तर धावपट्टीकडे वळायचं नाही, समोर जे असेल त्यात उतरायचं. हा नियम मोडून गेलेल्यांची यादी प्रत्येक क्लबच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. जमिनीला टेकण्याचा वेग निम्मा तर आघाताची ताकद चौथाई. मॉथ आणि ऑस्टर ताशी साठ-सत्तर किलोमीटरनं टेकत. त्या काळातले इतके वैमानिक मोडक्या विमानांतून चालत बाहेर आले ते यामुळे. त्यांच्या यंत्राचा मंदपणा हाच त्यांचा विमा होता.

तोफखान्याची शाळा काकूलहून महायुद्धाच्या काळातच देवळालीला आली होती. स्वातंत्र्यानंतर तोफांबरोबर हवाई निरीक्षणाचं शिक्षणही इथे रुजलं. ऑस्टर होतीच. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टचं ‘कृषक’ आलं. त्याचे शिल्पकार कोल्हापूर भागातले डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. भारतात पूर्णपणे रचलेलं पहिलं शिकाऊ विमान एचटी-२ त्यांचंच, १९५१ चं. फ्लाइंग क्लबांसाठी त्यांनी नव्वद अश्वशक्तीचं ‘पुष्पक’ केलं, दोघांनी बसायचं, कापडी अंगाचं; देशातल्या दोन पिढ्यांचे वैमानिक त्यावर शिकले. कृषक हे पुष्पकाचंच मोठं भावंड. त्यालाही ऑस्टरसारखं शेतात उतरावं लागे. घाटग्यांचं नाव महाराष्ट्रात जेवढं घेतलं जायला हवं तेवढं घेतलं जात नाही, हे जाता जाता.

मग हेलिकॉप्टरं आली आणि शेताचा आकार एकदम लहान झाला. चेतक आणि चीता, दोन्ही एका इंजिनाची. २००३ पासून नाशिक रोडच्या गांधीनगरला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे आणि शहराच्या त्या भागात हेलिकॉप्टरची घरघर हा दिवसाचाच भाग आहे. हेलिकॉप्टरचं इंजिन गेलं की काय होतं? पुष्कळांची समजूत असते की ते सरळ पडतं. तसं नाही. पायलटानं त्या क्षणी डाव्या हाताची दांडी खाली दाबली की वरच्या पात्यांचा कोन कमी होतो; खाली येताना अंगावर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. जमिनीजवळ आल्यावर नाक वर करायचं, मग दांडी वर ओढून पात्यांत साठलेली सगळी फिरकी एकदम खर्च करायची आणि टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. फिरकी एकदाच खर्च करता येते. दहा फूट आधी केली तर खालचं अंतर आपटूनच पार पडतं.

चीता हे मूळचं फ्रेंच लामा हेलिकॉप्टर. २१ जून १९७२ रोजी जाँ बुले या वैमानिकानं लामा १२,४४२ मीटरवर नेलं. वर तापमान उणे ६३ अंश. खाली यायला ताकद कमी केली आणि इंजिन विझलं, पुन्हा पेटेना. बुले तेवढ्या उंचीवरून पार जमिनीपर्यंत ऑटोरोटेशननं उतरले. उंचीचा विक्रम करायला गेलेल्या माणसाच्या नावावर इंजिनाविना उतरण्याचाही विक्रम लागला.

नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला असा एक विक्रम आला आहे, आणि त्यात इंजिनच नव्हतं. २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया, वय सदुसष्ट, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या प्रचंड फुग्याखालच्या बंद कुपीत बसून निघाले. २१,०२७ मीटरवर पोहोचले. १९८८ मध्ये पेर लिंडस्ट्रँड यांनी टेक्सासात केलेला १९,८११ मीटरचा उच्चांक मोडला. फुग्याला सुकाणू नसतं. वारा नेईल तिथे उतरायचं. वाऱ्यानं नेलं सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावाच्या शिवारात. परदेशी नोंदींमध्ये हे गाव मुंबईच्या दक्षिणेला २४० किलोमीटरवर असल्याचं छापलं गेलं आहे. सिन्नरकरांनी ते मनावर घेऊ नये. याच सिंघानियांनी १९८८ मध्ये लंडनहून भारतापर्यंत मायक्रोलाइट उडवत आणलं होतं, म्हणजे अस्पी इंजिनिअरच्या वाटेला त्याहूनही लहान यंत्र घेऊन ते एकदा गेले होते.

ओझरच्या विमान कारखान्यातून उडणाऱ्या जेट विमानांचं गणित निराळं. तिथे शेत निवडायला वेळ नसतो, वेगच तसा असतो. वैमानिक विमान सोडतो. २७ जून २०१८ रोजी पिंपळगाव बसवंतजवळ आणि ४ जून २०२४ रोजी शिरसगावला, दोन्ही निफाड तालुक्यात, सुखोई-३० कोसळली. दोन्ही वेळा दोघेही वैमानिक पॅराशूटनं बचावले आणि विमानाची राख रानात उरली. खुर्चीसकट बाहेर फेकणारी ती सोय छोट्या विमानात नसते. तिथे वैमानिकाचं आणि विमानाचं नशीब टेकेपर्यंत बांधलेलं असतं.

एका इंजिनाची विमानं आज महाराष्ट्रात सर्वांत जास्त उडतात ती शिकणाऱ्यांच्या हातात, शिरपूर, धुळे, बारामती अशा ठिकाणांहून. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून निघालेलं एक विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या जंगलात पडलं. प्रशिक्षक गेले. जखमी विद्यार्थिनीला आदिवासी गावकऱ्यांनी लाकडाला चादर बांधून केलेल्या झोळीत घालून बाहेर काढलं, कारण तिथवर गाडी पोहोचतच नव्हती. वर्षभरानं, २५ जुलै २०२२ रोजी, इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या एका शेतात एकटी उडणारी शिकाऊ वैमानिक विमानासह पडली. विमान मोडलं, ती किरकोळ जखमांवर निभावली. दोन्ही अपघात जुलैमधले. फरक जमिनीचा होता, असं म्हटलं तर ते अर्धसत्य होईल, पण अर्धं तरी आहेच.

या मुलांना शिकवताना प्रशिक्षक मध्येच थ्रॉटल मागे ओढतो आणि विचारतो, आता कुठे उतरणार? १९४३ साली देवळालीवरून हे विचारलं असतं तर खाली बोट दाखवून चाललं असतं. आज नाशिकवरून विचारलं तर विद्यार्थ्याला बराच वेळ शोधावं लागेल. निफाड-दिंडोरीला द्राक्षांचे मांडव, म्हणजे लोखंडी अँगल आणि तारांची जाळी. विमानासाठी याहून वाईट पीक नाही. त्यात शेडनेट, पॉलिहाऊस, शेततळी, आणि वर उच्च दाबाच्या तारा, ज्या वरून दिसतच नाहीत, खांब शोधून ओळखाव्या लागतात. इगतपुरीची भातखाचरं पावसाळ्यात हिरवीगार सपाट दिसतात, पण चाक रुतलं की विमान नाकावर उलटतं. काळी जमीन पावसानंतर तशीच. त्यातल्या त्यात बरं उत्तर सिन्नरच्या पूर्व भागातलं: कांदा किंवा गहू निघालेलं, ढेकळं वाळलेलं रान, आणि विमान तासाच्या दिशेनं. पण ते उत्तर मार्च ते मेपुरतंच. जूनपासून दुसरं शोधायचं.